बिनतुळशीचं पाणी

ओल्या फडक्यातली तुळशीची सतरा पानं अक्काने माझ्या तळहातावर मोजून ठेवली आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटली.

"एका भांड्यात एकच पान टाक," ती म्हणाली. "रांजणात दोन-दोन टाकशील अन् शेवटच्या घागरीपाशी हात हलवत उभी राहशील."

"बरं, अक्का."

"झाकण लगेच लाव. कचरा पडला तर गाळावं लागतंय, अन् गाळताना वाटीभर पाणी फडकंच पितंय."

"बरं."

तोंडावर मी तिला अहो-जाहोच करायची. द्वारका तिचं नाव, नात्याने माझी मोठी जाऊ. घरात सगळे अक्का म्हणायचे म्हणून मीही म्हणायची. इथे मात्र मनातलं लिहायचं आहे, आणि मनात मी तिला कधी अहो म्हटलेलं नाही.

त्या दिवशी चैत्री पौर्णिमा होती आणि चंद्रग्रहण होतं. चंद्र उगवणार तोच ग्रहण लागलेला, त्यामुळे वेध सकाळपासूनच. आमच्या घरात ग्रहण कडक पाळायचे. वेध लागायच्या आत पाण्यात, दुधात, लोणच्यात तुळशीचं पान टाकलं की ते शुद्ध राहतं. पान टाकायचं राहिलं, तर ग्रहण सुटल्यावर सगळं ओतून द्यायचं. पौर्णिमेला तुळस तोडत नाहीत, म्हणून अक्काने आदल्या दिवशीच मोजून पानं तोडून ठेवली होती. दूध-लोणच्याची तिने स्वतः टाकली आणि पाण्याची माझ्याकडे दिली.

मी पाण्याच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आम्ही जातीचे कासार, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. दुकानात न खपलेली, पोचे आलेली सगळी भांडी या खोलीत पाण्याला लावलेली असायची. दोन रांजण, पाच हंडे, बाकीच्या घागरी आणि कळश्या. सतराच्या सतरा काठोकाठ भरलेली.

मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि ती सतरा पानं एकेक करून चावून खाल्ली.

मग प्रत्येक भांड्याचं झाकण उचलून परत ठेवलं, बाहेर आवाज जावा म्हणून जरा आपटूनच. सतरा वेळा.

"झालं का गं, नलू?"

"झालं, अक्का."

तिने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ग्रहण सुटेपर्यंत आता ते कुलूप निघणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काच्या मुलीचा, प्रमिलाचा, साखरपुडा होता. बार्शीकडून पंचवीस माणसं येणार होती. पमाच्या याआधी दोन सोयरिकी जुळता-जुळता मोडल्या होत्या आणि ही तिसरी. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात तेही दहाव्या दिवसावर गेलं होतं. पुढच्या पाण्याला अजून तीन दिवस होते. म्हणजे पाहुण्यांचे पाय धुण्यापासून वरणाच्या आधणापर्यंत जे काही व्हायचं, ते या सतरा भांड्यांवर. अक्काने आठवडाभर सगळ्यांच्या आंघोळी कापून ते साठवलं होतं.

पाणी जपावं तर अक्कानेच. तिची वैरीण असून हे मी सांगते. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीत जायचं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना. आंघोळीला परातीत पाट मांडून बसायचं, परातीतलं पाणी कपड्यांना आणि कपड्यांचं संडासाला. "आमच्या घरात पाणी चार जन्म घेतं, मग त्याला मोक्ष," असं ती आल्यागेल्याला सांगायची आणि लोक माना डोलवायचे. शेजारी कुणी तांब्याभर पाणी मागायला आलं तर तिचं एकच उत्तर ठरलेलं. "आम्हीच हात धुवायच्या जागी फडक्यानं पुसायलोत, बाई." घरात सगळ्यांना आंघोळीला एक बादली आणि मला पाऊण. "धाकटी हाय, अंग पण धाकटंच असणार," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

पाऊण बादलीचं मला काही नव्हतं. तेवढ्यावरून कुणी कुणाचा सूड घेत नाही. माझं दुखणं होतं ते दादांचं.

दादा म्हणजे माझे वडील. खेड्यातल्या शाळेत शिपाई होते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते मला न्यायला आले. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून गावात यायला तासभर चाल. वैशाखाचं ऊन. धुतलेलं धोतर, काळी टोपी आणि हातात पिशवीभर कैऱ्या. लेकीला मूल होईस्तोवर बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्यात रीत. मला तेव्हा मूल नव्हतं. म्हणजे पाणी मागायची सोय नव्हती. हातपाय धुवायचे, फार तर चूळ भरायची, एवढीच मोकळीक.

अंगणात त्या दिवशी कुरडया चालल्या होत्या. गल्लीतल्या सात-आठ बायका जमलेल्या. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात. रोज वरचं पाणी बदलायचं, आणि त्या पाण्याला असा आंबूस वास येतो की म्हैसही तोंड फिरवते. अक्का तेही टाकायची नाही. बादलीत निवळत ठेवायची, पाय धुवायला आणि ओटा धुवायला. निवळलं की दिसायला स्वच्छ दिसायचं.

त्यातलाच एक तांब्या तिने दादांच्या हातात दिला. दादांनी आधी चूळ भरली. घोट तोंडात गेला आणि त्यांचा चेहरा बदलला. पुढे थुंकायला जागा नव्हती, सगळीकडे धोतरांवर कुरडया पसरलेल्या. एवढ्या बायका समोर. ते क्षणभर तसेच थांबले आणि मग त्यांनी तो घोट गिळला.

"अहो मामा, प्यालात की काय?" अक्का ओरडलीच. "पाय धुवायला दिलं होतं ते! गव्हाचं पाणी हाय, तीन दिवसांचं!"

बायका हसून हसून लोटपोट झाल्या. एकीच्या हातातला सोऱ्या पडला. दादाही हसले, मिशी पुसली आणि म्हणाले, "असू द्या, असू द्या. उन्हाळ्यात पाणी वाया घालवू नये."

त्यानंतर ते माझ्या सासरी कधीच आले नाहीत. मला न्यायला, सोडायला भाऊ यायचा. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात दादा गेले. आई नंतर म्हणाली, "शेवटच्या दुखण्यात नलूकडं एकदा जाऊन येऊ म्हटलं, तर म्हणाले, नको, तिथं पाण्याची टंचाई असती."

हे वाक्य मी पाच महिने दाताखाली धरून होते. त्या सकाळी त्याच दातांनी तुळशीची पानं चावली आणि मला फार बरं वाटलं.

*

ग्रहण सुटलं तेव्हा आठ वाजायला आले होते. सासरे, म्हणजे अण्णा, दिवसभर काही न खाता-पिता देवघरात जप करत बसले होते. दोघे भाऊ, म्हणजे अक्काचे नवरे भावजी आणि आमचे हे, पाहुण्यांसाठी जीप ठरवायला आदल्या दिवशीच बार्शीला गेले होते. घरात आम्ही चौघंच. अण्णा, अक्का, पमा आणि मी.

"मोक्षाची आंघोळ करतो," अण्णा उठत म्हणाले. "पाणी काढ, द्वारका."

अक्काने कुलूप काढलं. मी कंदील धरून तिच्या मागे. तिने पहिल्या घागरीचं झाकण उचललं, वाकून बघितलं आणि दुसरं उचललं. मग तिसरं. मग तिने माझ्या हातातला कंदील ओढून घेतला आणि एकामागून एक सगळी झाकणं काढली.

"नलू, पानं कुठायत?"

"माझ्या हातून राहिलं वाटतं, अक्का."

"राहिलं? मूठ मिटून दिली होती मी तुझी! मोजून सतरा!"

"पडली असतील कुठं."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. पण तिने दार पुढे लोटलं आणि माझं मनगट धरलं. हात गार होता.

"अण्णांना सांगू नकू," ती कुजबुजली. "पाण्याला काय झालंय? चांगलं निवळशंख पाणी हाय. मी पानं घालते, घरात वाळलेली हायत देवापुढची. कुणाला कळतंय?"

देवाधर्माच्या बाबतीत आम्हा सगळ्यांना नाचवणारी अक्का. बाजूला बसायच्या दिवसांत माझा हात चुकून लोणच्याच्या बरणीला लागला तर अख्खी बरणी गड्याला देऊन टाकणारी अक्का. तिला असं कुजबुजताना ऐकलं आणि माझ्या अंगात ताकदच आली.

"अण्णा!" मी मोठ्याने हाक मारली. "पाण्यात तुळस घालायची राहिलीय!"

अण्णा दारात आले. उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा.

"कशात राहिली?"

"कशातच नाही घातली, अण्णा. माझीच चूक झाली."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मान अक्काकडे वळवली. हे मला माहीतच होतं.

"घरातली मोठी कोण? किल्ली कुणाच्या कमरेला? ती पोरगी हाय, विसरली. तुला बघायला नको?"

"अण्णा, आता टाकते की पानं."

"वरातीमागून घोडं? ग्रहण सुटल्यावर तुळस घालायची का? ओतून टाक सगळं."

"अण्णा, उद्या पंचवीस माणसं येणार. नळाला अजून तीन दिवस..."

"बाटलेल्या पाण्यावर सोयरीक करायची नाही मला. दोन मोडल्या त्या कशानं मोडल्या? नसंल पाणी तर पाहुण्यांना निरोप धाडू. घरात ठेवायचं नाही म्हटलं की नाही."

पमा उंबऱ्यात उभी होती. निरोप धाडू म्हटल्यावर ती एकदम खाली बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

ते पाणी ओतायला आम्हाला तास लागला. अक्का एकेक घागर उचलून बाहेर न्यायची आणि दारापुढच्या गटारीत सोडायची. प्रत्येक घागरीला ती आधी थांबायची. एप्रिलच्या महिन्यात गटारीत पाणी वाहताना बघून गल्ली जागी झाली. समोर कल्हईवाले राहायचे, आमच्या दुकानाच्या भांड्यांना तेच कल्हई करायचे. त्यांची हमीदाभाभी पदर सावरत धावत आली.

"अक्का, अगं काय करायलीस? खुळी झालीस का?"

"ग्रहणाचं हाय, भाभी. ठेवता येत नाही."

"आम्हाला कुठं ग्रहण लागतंय? थांब, थांब! इकडं ओत!"

तिने हंडा पुढे धरला. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी कळश्या घेऊन आल्या. ज्या बायकांना अक्काने कधी तांब्याभर पाणी दिलं नव्हतं, त्यांच्या भांड्यांत ती स्वतःच्या हाताने रांजण रिकामे करत होती. अण्णा आतूनच म्हणाले, "घराबाहेर गेलं की झालं. कुणाच्या भांड्यात पडलं ते मला बघायचं नाही." मग त्यांनी देवघरातल्या गंगेच्या गडूचं पाणी अंगावर शिंपडलं आणि तीच आंघोळ मानली.

शेवटची कळशी ओतून अक्का पायरीवर बसली. तिच्या हातांच्या आतल्या बाजू लाल झाल्या होत्या. मी तिच्या शेजारून रिकामी घागर उचलून आत गेले आणि मला कीव आली नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

*

सकाळी उजाडताना उठले तर समोरच्या घरी आवाज. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. अक्का हमीदाभाभीच्या अंगणात उभी होती, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. भाभी हंडे काढून देत होती.

"घे की, अक्का. तुझंच हाय. माझ्या पोरीला बी उद्या बघायला येतील, तवा तू दे."

एकूण बारा भांडी परत आली. अक्काने ती मागच्या दाराने आत घेतली. शेवटच्या खेपेला त्या दारात मी उभी होते.

ती थबकली. हंडा कमरेवर, पाणी हिंदकळून लुगडं ओलं झालेलं.

"लांबच्या एका मळ्यातल्या विहिरीवरनं आणवलं, असं सांगितलंय अण्णांना," ती म्हणाली. "गड्याला पाठवलं होतं म्हणून."

"आणि हे कुठलं आहे?"

"तुला माहीत हाय कुठलं ते."

"मला माहीत आहे. अण्णांना सांगू?"

तिने हंडा खाली ठेवला. हात जोडले. दोन वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते. स्वप्नात बघितलं होतं त्याहून तो सोपा निघाला.

"नलू, पमाकडं बघ. तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटी पोर. तुझ्या पाया पडायला सांगितलंस तरी पडते."

"पाया नको पडू." पहिल्यांदाच मी तिला तोंडावर अरे-तुरे केलं. "दादांची माफी माग. माझ्या दादांची. आत्ता, इथं."

"कशाबद्दल?"

तिला खरंच कळलं नव्हतं. मी सांगितलं. गव्हाचं पाणी, तो घोट, त्या बायका. अक्का ऐकत होती आणि मग तिच्या कपाळावरची आठी सुटली.

"अगं, ते होय? ते तर किती हसलो होतो आपण!" ती म्हणाली. "मामा पण हसले. तू पण हसली होतीस की, नलू. सगळ्यात मोठ्यानं तूच हसली होतीस."

मी हे इतका वेळ लिहिलं नाही. लिहायचं टाळत होते. पण अक्का खोटं बोलत नव्हती. मी हसले होते. नवी नवरी, सात-आठ बायका हसतायत, सासरचं अंगण, आणि माझा बाप ओल्या मिशांनी मध्ये उभा. मला वाटलं हसलं नाही तर या सगळ्या माझ्याकडे बघतील. म्हणून तोंडाला पदर लावून मी हसले, आणि पदराआडून दादांशी माझी नजरानजर झाली. मग ते हसले. माझ्या हसण्यावर ते हसले, अक्काच्या नाही.

त्या क्षणी मला अक्काचा गळा धरावासा वाटला. तिला आठवत होतं म्हणून. माझं तिला आठवत होतं आणि स्वतःचं काही नव्हतं म्हणून.

"माफी नाही मागणार?"

"मागते की बाई. पण मी काय मुद्दाम दिलं होतं का? सगळ्यांनाच देते तसलं पाणी पाय धुवायला. त्यांनी चूळ भरली, त्याला..."

"हंडा आत घे," मी म्हटलं. "पाहुणे यायच्या आत सगळं आवरायचंय."

तिला वाटलं, मी सोडून दिलं.

*

पाहुणे अकराला आले. अंगणात मांडव नव्हता, नुसती जाजमं. मुलाचे वडील सगळ्यांत पुढे बसले. त्यांचं मोडीत भांडी घ्यायचं दुकान होतं, हातांना घट्टे, डोक्यावर पांढरा फेटा, तो सारखा वर सारत होते. वाटेत जीप बंद पडली होती आणि ते शेवटचा मैल चालत आले होते. पमा आत साडीच्या निऱ्या धरून उभी होती. तिचे ओठ सुकले होते. मी तिला एक पेला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. "पाहुण्यांना पुरू दे आधी, काकू," म्हणाली. आईचीच पोर.

मी तांब्या-पेले घेऊन बाहेर आले आणि मुलाच्या वडिलांपुढे ठेवले. त्यांनी पेला भरून घेतला. तेवढ्यात अण्णांना बोलायची हुक्की आली.

"घ्या, निर्धास्त घ्या, धोंडीरामशेठ. मळ्याच्या विहिरीचं ताजं पाणी हाय. काल ग्रहणात सुनांच्या हातून तुळस राहिली, तर मी सतरा भांडी पाणी ओतायला लावलं. थेंब ठेवला नाही घरात. असल्या उन्हाळ्यात. पण रीत म्हणजे रीत."

पाहुण्यांपैकी दोघा-तिघांनी वा वा केलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मी सोडून दिलेलं नाही.

पमाचा काय दोष होता? काही नव्हता. पण त्या वेळी मला वाटलं, माझ्या दादांचा तरी काय होता?

"अण्णा," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे मळ्यातलं पाणी नाही. कालचंच आहे. बिनतुळशीचं. समोर भाभींच्या घरी ओतलेलं, तिथूनच अक्कांनी आज सकाळी परत आणलं."

आमचे हे माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांना कुणी परकीच वाटले असणार. अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. आत काहीतरी भांडं पडलं आणि घरंगळत गेलं.

धोंडीरामशेठच्या हातात पेला तसाच होता. त्यांनी त्यात बघितलं, मग अण्णांकडे.

"सतरा भांडी ओतली?"

अण्णांनी मान हलवली.

"या उन्हाळ्यात?"

अण्णांनी पुढ्यातला पेला बाजूला सारला.

"वेळापुरे, रागावू नका," म्हातारा अण्णांना म्हणाला. "आमच्याकडं बायका खड्ड्यात बसून वाटीवाटीनं पाणी भरत्यात. एक वाटी भरायला पाव तास. असल्या पाण्याला ग्रहण लागतंय व्हय? चंद्राला लागतंय, तो वर हाय, त्याचं तो बघून घेईल." त्यांनी समोरच्या घराकडे मान वळवली. "त्या माउलीनं धरून ठेवलं नसतं, तर आज आम्हाला कोरड्या घशानं सुपारी फोडावी लागली असती. अन् ज्या सुनंनं सकाळी उठून ते मागून आणलं, तिच्या पोरीला मी का नाकारीन? तसलीच पाहिजे आम्हाला."

आणि त्यांनी पेला तोंडाला लावला. गटागट प्याले, गळ्याची घाटी वरखाली होताना मला दिसत होती. माझा दोन वर्षांचा सूड त्या म्हाताऱ्याने एका पेल्यात पिऊन टाकला.

"पोरी," मिशा पुसत ते मला म्हणाले, "आणखी एक तांब्या आण. लई तहान लागलीय."

त्यांच्या मागोमाग बाकीचेही प्याले. अण्णा प्याले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. हमीदाभाभीला बोलावून आणून अंगणात बसवलं. साखरपुडा झाला.

मी मात्र तो तांब्या घेऊन पाण्याच्या खोलीत गेले. हंड्यात तांब्या बुडवला आणि तिथेच उभी राहून रडले. दादा गेले तेव्हा मी एवढी रडले नव्हते. कुणाचा तरी बाप माझ्या हातचं पोटभर पाणी प्याला होता, आणि तो माझा नव्हता.

मागे अक्का येऊन उभी राहिली. दिवसभरात ती मला काय करेल, काय बोलेल, याची मी तयारी करून ठेवली होती. मारलं असतं तर मीही मारलं असतं. पण तिने अगदी हळू आवाजात विचारलं,

"मामांचं नाव काय होतं गं, नलू?"

दोन वर्षं एका घरात राहून, माझ्या बापाचं हसं करून, त्याचं सुतक संपवून मी परत आल्यावर मला भाकरी वाढून, तिला नाव माहीत नव्हतं. कुणाची माफी मागायची ते तिला आता कळत होतं, आणि त्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारायची, ते कळत नव्हतं.

मी डोळे पुसले, भरलेला तांब्या उचलला आणि तिच्या बाजूने बाहेर गेले. त्यानंतर आम्ही दोघी एकवीस वर्षं एका चुलीवर राहिलो. तिने आणखी दोनदा विचारलं, एकदा पमाच्या बाळंतपणात आणि एकदा स्वतःच्या शेवटच्या दुखण्यात, माझा हात धरून.

नाव मी तिला सांगितलं नाही.